फिलिप मेडोज टेलर : ठगांपासून तुळजाभवानीपर्यंत

हिंदुस्थानच्या पार्श्वभूमीवरील इंग्रजी साहसकथांचा विषय निघाला की रडयार्ड किपलिंगचे नाव प्रथम घेतले जाते. परंतु किपलिंगची ‘किम’ ही कादंबरी १९०१ मध्ये आली, त्याच्या बासष्ट वर्षे आधी दख्खनच्या रस्त्यांवरील एक भयकथा लंडनमध्ये गाजली होती. तिचे नाव ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ आणि लेखक फिलिप मेडोज टेलर. निजामाच्या चाकरीत आयुष्याची उमेदीची वर्षे घालवणारा हा इंग्रज अधिकारी तुळजापूर, नळदुर्ग आणि वऱ्हाड या मराठी मुलखात वावरला. त्याच्या लेखनाचे धागे मराठी कादंबरीच्या जडणघडणीपर्यंत येऊन पोहोचतात. असे असूनही सामान्य मराठी वाचकाला त्याचे नाव क्वचितच ठाऊक असते.

पंधराव्या वर्षी मुंबईत

टेलरचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ रोजी लिव्हरपूल येथे एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. वडिलांच्या व्यवसायाला ओहोटी लागल्याने शिक्षण अर्धवट राहिले आणि लहान वयातच त्याला कचेरीत कारकुनी करावी लागली. पुढे मुंबईतील एका इंग्रज व्यापाऱ्याच्या पेढीत काम आणि सज्ञान झाल्यावर भागीदारी, या आश्वासनावर १८२४ मध्ये तो जहाजाने मुंबईला आला. त्या वेळी त्याचे वय पूर्ण सोळाही नव्हते. पेढीची स्थिती सांगितली गेली होती तशी नाही, हे येथे आल्यावर ध्यानात आले. मुंबई सरकारात वरिष्ठ पदावर असलेल्या एका नातलगाच्या खटपटीने त्याला त्याच वर्षी निजामाच्या फौजेत जागा मिळाली आणि तो औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, रवाना झाला.

ही नेमणूक त्याच्या आयुष्याला वळण देणारी ठरली. कंपनी सरकारच्या मुलकी सेवेतील अधिकाऱ्यांना जो मान व जी बढती मिळे, ती निजामाच्या चाकरीतील इंग्रजाला मिळत नसे. ही उणीव टेलरला जन्मभर जाणवत राहिली. मात्र तिच्यामुळेच छावणीतील बंदिस्त जीवनाबाहेर पडून तो गावोगाव हिंडला. हिंदुस्थानी, फारसी आणि मराठी या भाषा त्याने मेहनतीने आत्मसात केल्या. वयाच्या अवघ्या अठराव्या वर्षी निजामाच्या राज्यातील नैर्ऋत्य भागाचा पोलीस बंदोबस्त त्याच्याकडे आला. तुळजापूरचा परिसर याच भागात मोडत असे.

ठगांच्या जबान्या

या कामावर असताना रस्त्याच्या कडेला पुरलेली प्रेते सापडू लागली. प्रवाशांचे हे खून कोण करते, याचा माग टेलरने घेण्यास सुरुवात केली होती, तोच त्याला पलटणीत परत बोलावण्यात आले. पुढे विल्यम स्लीमनने ठगांविरुद्ध मोठी मोहीम उघडली आणि तिचे श्रेय इतिहासात त्याच्याच नावावर जमा झाले. हातातोंडाशी आलेला शोध निसटल्याची खंत टेलरने आत्मचरित्रात बोलून दाखवली आहे.

तथापि १८३० नंतरच्या काळात हैदराबाद राज्यात पकडलेल्या आणि माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांच्या जबान्या नोंदवण्याचे काम त्याच्याकडे आले. या जबान्यांतून ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही तीन खंडांची कादंबरी आकाराला आली. १८३९ मध्ये लंडनच्या रिचर्ड बेंटले या प्रकाशकाने ती प्रसिद्ध केली. अमीर अली नावाचा ठग तुरुंगात एका इंग्रज अधिकाऱ्यासमोर आपली जीवनकथा सांगतो, अशी तिची रचना आहे. याच नावाच्या एका खऱ्या ठगाने ७१९ खुनांची कबुली दिल्याचे टेलरने नमूद केले आहे. राणी व्हिक्टोरियाने छपाई चालू असतानाच मुद्रिते मागवून वाचली, असेही तो सांगतो. ‘ठग’ हा शब्द इंग्रजीत त्यापूर्वीच शिरला होता; त्याला घराघरांत पोहोचवले ते या पुस्तकाने.

या यशाची दुसरी बाजूही लक्षात घ्यावयास हवी. ठगी हा धर्मश्रद्धेने चालणारा एकच देशव्यापी पंथ होता की भिन्न परिस्थितीत फोफावलेली वाटमारी होती, याविषयी आजच्या इतिहासकारांत मतभेद आहेत. कारण ठगांविषयीची बहुतेक माहिती जिवाच्या भीतीने बोलणाऱ्या साक्षीदारांकडून आलेली आहे. त्या जबान्यांवर उभ्या राहिलेल्या कादंबरीने भवानी ही खुन्यांची देवता असल्याचे चित्र इंग्रज वाचकांच्या मनावर कोरले. हे चित्र पुढे दीर्घकाळ टिकले.

सुरपूर आणि नळदुर्ग

१८४० मध्ये, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाची स्थापना झाली त्याच वर्षी, टेलरची ‘टिपू सुलतान’ ही दुसरी कादंबरी प्रसिद्ध झाली. लंडनच्या ‘टाइम्स’ला तो वार्तापत्रेही पाठवत असे. मात्र त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ त्याची नवी कादंबरी आली नाही, कारण राज्यकारभाराने त्याला पुरते गुंतवून ठेवले. १८४१ पासून बारा वर्षे शोरापूर, म्हणजे कर्नाटकातील आजचे सुरपूर, या बेडर संस्थानाची व्यवस्था तो पाहत होता. गादीवरील राजा वेंकटप्पा नायक अल्पवयीन होता. टेलरला तो ‘अप्पा’ म्हणत असे. तेथील टेकडीवर टेलरने बांधलेला बंगला ‘टेलर मंझिल’ म्हणून ओळखला जातो.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग हे प्रदेश इंग्रजांच्या व्यवस्थेखाली दिले. नळदुर्ग जिल्ह्याचा म्हणजेच आजच्या धाराशिवच्या परिसराचा कारभार टेलरकडे आला. बोरी नदीचे पाणी अडवून बांधलेला पाणीमहाल असलेल्या नळदुर्ग किल्ल्याच्या सावलीत त्याने जमिनीची मोजणी, रस्ते आणि तलाव यांची कामे हाती घेतली. १८५७ च्या उठावात त्याला वऱ्हाडात पाठवण्यात आले. सोबत फौज नव्हती; लोकांशी असलेल्या परिचयाच्या बळावर त्याने तेथे शांतता राखली.

सुरपूरचे मात्र निराळेच झाले. १८५८ च्या आरंभी वेंकटप्पा नायकाने इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. पराभवानंतर तो पकडला गेला आणि त्याला देहान्ताची शिक्षा झाली. टेलरने त्याची कैदेत भेट घेतली, त्याच्यासाठी रदबदली केली आणि शिक्षा कमी होऊन कैदेवर आली. परंतु कैदेच्या ठिकाणी नेले जात असताना पिस्तुलाची गोळी लागून राजाचा मृत्यू झाला. इंग्रजी नोंदींत ही आत्महत्या आहे. ज्या मुलाला वाढवले, त्याच्याविरुद्ध उभ्या असलेल्या सत्तेची चाकरी करणे टेलरच्या वाट्याला आले. त्याच्या आत्मचरित्रातील हा भाग सर्वाधिक व्यथित करणारा आहे.

‘तारा’ची कथा

प्रकृती ढासळल्याने १८६० मध्ये टेलर मायदेशी परतला आणि डब्लिनजवळ स्थायिक झाला. येथे त्याच्या लेखनाचे दुसरे पर्व सुरू झाले. ‘तारा’ (१८६३), ‘राल्फ डार्नेल’ (१८६५) आणि ‘सीता’ (१८७२) या तीन कादंबऱ्यांत अनुक्रमे १६५७, १७५७ आणि १८५७ हे शंभर शंभर वर्षांच्या अंतरावरील काळ आहेत. चांदबिबीवरील ‘अ नोबल क्वीन’ त्याच्या मृत्यूनंतर १८७८ मध्ये निघाली.

यांपैकी ‘तारा’ मराठी वाचकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची होय. नायिका तुळजापूरच्या शास्त्र्याची बालविधवा मुलगी असून कथेला शिवाजी महाराजांचा उदय आणि अफझलखानाची स्वारी यांची पार्श्वभूमी आहे. ‘कन्फेशन्स’मध्ये जी भवानी खुन्यांची पाठराखीण म्हणून आली, तीच येथे एका सुसंस्कृत घराचे आणि लढणाऱ्या लोकांचे दैवत म्हणून येते. पहिल्या पुस्तकात टेलरने देवीला कैद्यांच्या जबानीतून पाहिले, तर चोवीस वर्षांनंतर तिच्या क्षेत्राशी झालेल्या प्रत्यक्ष परिचयातून. ताराचा विवाह शेवटी अफझलखानाच्या मुलाशी होतो. हा शेवट मराठी मनाला रुचणारा नाही आणि इतिहासाला धरूनही नाही. परंतु टेलरची पत्नी मेरी ही हैदराबादचे सावकार विल्यम पामर यांची कन्या होती आणि पामर यांची आई हिंदुस्थानी मुसलमान होती. दोन समाजांना जोडणारे विवाह त्याच्या कथांत वारंवार का येतात, याचा उलगडा कदाचित येथे होतो.

रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ ही मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी १८७१ ची. म्हणजे शिवकाल कादंबरीत प्रथम आला तो मराठीत नव्हे, तर आठ वर्षे आधी इंग्रजीत. पुढे हरि नारायण आपटे यांनी ऐतिहासिक कादंबरीकडे वळताना टेलरच्या ‘टिपू सुलतान’चाच आधार घेऊन ‘म्हैसूरचा वाघ’ लिहिली. ‘उषःकाल’सारखी स्वतंत्र कृती त्यानंतरची.

१३ मे १८७६ रोजी फ्रान्समधील मेंतों येथे टेलरचे निधन झाले. आत्मचरित्र ‘द स्टोरी ऑफ माय लाइफ’ त्याची कन्या अॅलिस हिने संपादित करून १८७७ मध्ये प्रसिद्ध केले. जगाने त्याला ठगांचा कथाकार म्हणूनच ध्यानात ठेवले. तथापि आपल्या मुलखाविषयी त्याला अखेरीस काय उमगले, हे जाणून घ्यावयाचे असेल तर ‘कन्फेशन्स’ मिटल्यावर ‘तारा’ही उघडावी. आपल्याच पहिल्या चित्राला दुसऱ्या चित्राने छेद देणारा लेखक तेथे भेटतो.