तळ्यावरचे हजारो पक्षी मोजतात तरी कसे?

राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अलींचा जन्मदिवस. २०२० मध्ये राज्य सरकारने तो अधिकृतपणे जाहीर केला. याच सुमारास सातारा-सांगलीच्या तळ्यांवर हिवाळी पाहुणे उतरू लागतात. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक आणि तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब हंस.

खटाव तालुक्यातली मायणी आणि येरळवाडी ही इथली नावाजलेली ठिकाणं. मायणीला २०२१ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. येरळा नदी याच तालुक्यात उगम पावते आणि सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. पक्ष्यांना जिल्ह्याची हद्द कळत नाही, म्हणून मोजणी गटानेच करावी लागते. मायणीवरून उठलेला थवा तासाभरात दुसऱ्या तळ्यावर दिसू शकतो. दोन्हीकडे एकाच सकाळी, एकाच वेळी माणसं उभी नसतील तर तोच थवा दोनदा मोजला जातो.

प्रत्यक्षात काय करतात? एकजण दुर्बिणीतून पाहतो, दुसरा लिहितो. सूर्य पाठीशी ठेवायचा, नाहीतर सगळी बदकं काळीच दिसतात! थवा मोठा असेल तर आधी दहा पक्षी नीट मोजायचे, तेवढी जागा डोळ्यात ठेवायची आणि तसे किती तुकडे भरतात ते पाहायचं. हा अंदाजच असतो, पण पद्धत दरवर्षी तीच ठेवली तर आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतात. नोव्हेंबरची नोंद ही सुरुवातीची असते. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. ती १९८७ पासून सुरू आहे.

आकड्याइतकीच पाण्याच्या पातळीची नोंद महत्त्वाची, आणि नेमकी तीच अनेकदा राहून जाते. रोहित आणि शेकाट्या उथळ पाण्यात, चिखलात खातात. तळं काठोकाठ भरलं की त्यांना पाय टेकायला जागा उरत नाही, आटलं की कोणीच येत नाही. म्हणजे रोहित कमी दिसले तर ते घटले की फक्त दुसऱ्या तळ्यावर गेले, हे पातळी लिहिल्याशिवाय सांगता येत नाही.

या नोंदींचा उपयोग सरकारी कामातही होतो. एखाद्या पक्ष्याच्या एकूण संख्येपैकी १ टक्का किंवा एकंदर २० हजार पाणपक्षी नियमितपणे येत असतील, तर ती पाणथळ जागा रामसर यादीच्या निकषात बसते. महाराष्ट्रात हा मान सर्वात आधी, २०२० मध्ये, नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला मिळाला.