शेफील्डची झाडं

१७ नोव्हेंबर २०१६. शेफील्डच्या रस्टलिंग्ज रोडवर पोलिसांनी पहाटे पाचच्या सुमारास दारं ठोठावून लोकांना उठवलं: गाड्या हलवा, झाडं तोडायची आहेत! आडव्या आलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या दोन बायकांना अटक झाली, तीही कामगार कायद्याखाली. (आपल्याकडच्या महापालिकासुद्धा इतक्या पहाटे कामाला लागत नाहीत.)

महापालिकेने २०१२ साली रस्त्यांचं काम २५ वर्षांसाठी एका खासगी कंपनीला दिलं होतं. झाड तोडणं हा शेवटचा उपाय, असं सांगितलं जाई. रहिवासी कोर्टात हरले, पण झाडांखाली उभं राहणं आणि कागद मागणं त्यांनी सोडलं नाही. मार्च २०१८ मध्ये माहिती अधिकारातून करारातला आकडा बाहेर आला: ३६,००० पैकी १७,५०० झाडं काढायची. आकडा आधीच ठरला असेल तर झाडांची तपासणी कशासाठी, हे मला इंजिनिअर म्हणून अजून कळलेलं नाही.

ब्रिटनमध्ये हा अधिकार २००५ साली लागू झाला. महाराष्ट्राने कायदा केला होता २००२ सालीच.

त्याच महिन्यात तोड थांबली. २०२३ साली लोकॉक चौकशीने महापालिकेने कोर्टाचीही दिशाभूल केल्याचं नोंदवलं, मग माफी आली. तोवर हजारो झाडं गेली होती. चेल्सी रोडवरचा म्हातारा एल्म वाचला.