समोआतलं बिऱ्हाड

'ट्रेझर आयलंड' लिहिणारा रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन बहुतेकांना ठाऊक असतो. त्याची अमेरिकन बायको फॅनी मात्र कुणाच्या फारशी लक्षात नसते.

स्टीव्हन्सनची छाती लहानपणापासून अधू, स्कॉटलंडची थंडी सोसेना. शेवटी १८९० साली हे जोडपं पॅसिफिकमधल्या समोआत स्थिरावलं. आपिया गावाबाहेर, डोंगराच्या उतारावर तीनशेहून जास्त एकर रान घेतलं, वाइलिमा. तो लिहायला बसे. भाजी, कोंबड्या, डुकरं, कोकोची लागवड यांत फॅनी राबे. वय पन्नास!

एकदा नवरा म्हणाला, तुझा पिंड शेतकऱ्याचा, कलावंताचा नव्हे. तिला ते इतकं लागलं की तिनं डायरीत लिहून ठेवलं. मी शेतकऱ्याची लेक, मला तर ती शाबासकीच वाटली असती. पण परक्या मुलखात ज्याच्यासाठी घाम गाळायचा, त्यानंच असं म्हणावं...

आणि हा गृहस्थ तरी मायदेश विसरला होता का? समोआच्या उकाड्यात त्यानं घरात चक्क शेकोटीची जागा बांधून घेतली!

तुरुंगातल्या सरदारांना या दोघांनी मदत केली होती. सुटल्यावर, १८९४ साली, त्यांनी वाइलिमापर्यंत रस्ता बांधून दिला. त्याच डिसेंबरात स्टीव्हन्सन गेला, अवघ्या ४४व्या वर्षी. समोअन लोकांनी वाएआ डोंगरावर वाट तोडून त्याला माथ्यावर पुरलं.

फॅनी १९१४ साली कॅलिफोर्नियात वारली. पुढच्या वर्षी लेकीनं तिची रक्षा समोआला नेली आणि त्याच थडग्यात ठेवली.