माफी नव्हे, सुटका

वाचकहो, वकील, अदालत, इन्साफ, माफी हे शब्द आपल्या जुन्नर-आंबेगावात रोजच्या वापरातले आहेत. जुन्नर ही निजामशाहीची पहिली राजधानी. फारसी दफ्तरांतून असे अरबी शब्द मराठीत आले आणि घरचेच झाले. त्यांतल्या ‘माफी’ या शब्दाचे वजन किती, हे १८४० सालच्या दमास्कस प्रकरणावरून कळते.

त्या वर्षी ५ फेब्रुवारीला दमास्कसमध्ये फादर थॉमस हे ख्रिस्ती धर्मगुरू व त्यांचा नोकर बेपत्ता झाले. धार्मिक विधीला रक्त हवे म्हणून ज्यूंनी त्यांना मारले, अशी आवई उठली. हा आरोप मूळचा मध्ययुगीन युरोपातला. फ्रान्सच्या कॉन्सलने तो उचलून धरला. शहर तेव्हा इजिप्तच्या महंमद अलीच्या ताब्यात होते. त्याचा सुभेदार शरीफ पाशा याने धरपकड केली आणि एका न्हाव्याकडून मारहाणीने कबुली घेतली. छळात काहींचे प्राण गेले. लहान मुलांनाही कोंडण्यात आले.

बातमी परदेशी पोहोचताच लोक हळहळले. ३ जुलैला लंडनमध्ये महापौरांच्या अध्यक्षतेखाली निषेध सभा झाली. आयर्लंडचे पुढारी ओकॉनेल तेथे बोलले. अमेरिकेतही सभा झाल्या. फ्रान्सचे पंतप्रधान तिएर मात्र आपल्या कॉन्सलच्या पाठीशी राहिले. अखेर इंग्लंडचे माँटिफिओरी व फ्रान्सचे वकील क्रेमिए अलेक्झांड्रियास गेले.

२८ ऑगस्टला महंमद अलीने कैद्यांना सोडण्याचा हुकूम काढला, पण त्यात शब्द होता माफीचा! माफी तर गुन्हेगाराला मिळते. शिष्टमंडळासोबत मुंक व लोव हे पौर्वात्य भाषांचे पंडित होते. आक्षेप घेतला गेला, शब्द बदलला आणि नऊ कैदी ‘सुटले’. पुढे ६ नोव्हेंबरला सुलतान अब्दुल मजीद यांनी फर्मान काढले : ज्यूंच्या धर्मात जनावराचे रक्तही निषिद्ध आहे, सबब हा आरोप निव्वळ बदनामी होय.

हा फरक शाब्दिक नव्हे. फ्रान्समध्ये १८९४ साली ड्रेफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला खोट्या देशद्रोहाबद्दल शिक्षा झाली. १८९९ मध्ये पुन्हा दोषी ठरवताच परदेशांत मोर्चे निघाले, पॅरिसच्या प्रदर्शनावर बहिष्काराची भाषा झाली. सरकारने दिली ती माफी. निर्दोष ठरायला १९०६ साल उजाडले.

विद्यार्थी मित्रांनो, परदेशातल्या सभांनी तुरुंगाचे दार उघडले; पण हुकुमातला डाग पुसला तो भाषा जाणणाऱ्यांनी. असा कागद आपल्या हाती आला, तर तो नीट वाचता येईल इतके आपण शिकलेले असावे.