नाकेबंदीची कुळकथा

गोव्याच्या सीमेवरची पत्रादेवी मागे टाकून बांद्याकडे निघालं की इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर गाडीची डिकी उघडावी लागते. शिपाई पिशव्या चाचपतो. बाटली खणकली की परवाना मागतो. नाका म्हणजे वाटेचं तोंड. मालाला दुसरीकडून जाता येत नाही तिथे जकात घ्यायला माणूस बसवायचा. ते तोंड दाबून धरलं की झाली नाकेबंदी. ‘आर्थिक’ हे विशेषण त्याला बरंच नंतर चिकटलं.

या मुलखात नाका हे हत्यार जुनंच. पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या बारदेशचं मीठ स्वस्त, त्यामुळे व्यापारी तिकडे वळू लागले आणि कुडाळ प्रांतातल्या मिठागरांवर संकट आलं. तेव्हा १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना लिहिलं, की बारदेशच्या मिठावर भारी जकात बसवा, म्हणजे ते आपल्या मिठाहून महाग पडेल. एकही बंदूक न उडवता पोर्तुगिजांच्या खिशात हात घालायची ही युक्ती. मात्र तिला नाकेबंदी म्हणता येणार नाही. वाट उघडी होती, फक्त महाग केली होती.

वाट खरोखर बंद झाली ती १९५४नंतर. भारताने गोव्यावर निर्बंध घातले. १५ ऑगस्ट १९५५ला पत्रादेवीसह सीमेवर ठिकठिकाणी निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या, आणि मग सीमा पुरतीच आवळली गेली. रेल्वे थांबली. मुंबईतल्या गोवेकरांच्या कुडांतून घरी जाणारे पैसे अडले. पेडणे आणि डिचोली अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगिजांकडे गेलेले महाल. त्यांची सोयरीक आणि बाजारहाट सावंतवाडीशी. बंद वाटेचा काच खाडीपलीकडे लेक दिलेल्या घराला आधी बसला, लिस्बनमधल्या हुकूमशहा सालाझारला नाही.

सालाझारने दुसरी दारं उघडली. बटाटे हॉलंडहून, तांदूळ आणि भाजी पाकिस्तानातून, चहा सिलोनचा, सिमेंट जपानचं. दाबोळीला विमानतळ झाला आणि तिथून कराचीची विमानं सुटू लागली. मुंबईशी बांधलेला गोवा पाच-सहा वर्षांत कराचीकडे तोंड करून बसला! आणि डिचोलीची लाल माती? खाणमालक चौगुल्यांनी जपानी पोलाद कारखानदारांशी करार करून शिरगावच्या खाणीत यंत्रं आणली होती. खनिज बार्जमध्ये भरायचं, मांडवीतून मुरगावला न्यायचं आणि जहाजावर चढवायचं. या वाटेवर भारताचा एकही नाका नव्हता. उलट नाकेबंदीच्या काळातच खाणधंदा फोफावला. उपासमारीने शरण आणायच्या प्रदेशात ट्रक वाढत होते, हे दिल्लीला उशिरा उमगलं असावं.

सोयरिकी वरच्या पातळीवरही बदलत होत्या. पोर्तुगाल ‘नाटो’चा संस्थापक सदस्य, आणि अझोरेस बेटांवरचा तळ अमेरिकेला हवा होता. डिसेंबर १९५५मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री कुन्हा यांच्याबरोबरच्या संयुक्त पत्रकात ‘अतिपूर्वेतले पोर्तुगीज प्रांत’ असा उल्लेख होऊ दिला, आणि त्यात गोवाही आला. नेमके त्याच सुमारास सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन भारतात फिरत होते. गोवा भारताचा, असं ते उघड म्हणाले. अलिप्त भारताचा तराजू कशाने कलला, याची अनेक कारणं सांगतात. माझ्या मते त्या पत्रकाचं वजन आपण कमी धरतो. आणि अडवलेला माल दुसरं दार शोधतोच: युक्रेन युद्ध पेटल्यावर रशियाचं तेल युरोपऐवजी आपल्याकडे वळलं, तेव्हा दिल्लीतल्या जुन्या मंडळींना हॉलंडचे बटाटे आठवले असतील का, कोण जाणे.

१७ डिसेंबर १९६१च्या रात्री भारतीय फौजा गोव्यात शिरू लागल्या. त्यांची एक वाट दोडामार्गाहून डिचोलीत उतरत होती. दुसऱ्याच दिवशी सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी युद्धबंदी आणि माघारीचा ठराव मांडला. बाजूने सात मतं, विरोधात चार. त्यांपैकी एक सोव्हिएत नकाराधिकाराचं. ठराव पडला. सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह त्या आठवड्यात भारतातच पाहुणे होते.

पत्रादेवीची वाट उघडली. मुरगावला जपानी जहाजं आधीसारखीच येत राहिली. शिरगावची माती त्यांना हवीच होती.