खिशाला रिव्हेट, मांडीला भोक

माझी जीन्स कधीच गुडघ्यावर फाटत नाही. तिथे फाटली तर लोक फॅशन तरी म्हणतील. ती फाटते दोन मांड्यांच्या मध्ये, जिथे फॅशन म्हणायची सोय नसते. वर्ष-दीड वर्षात तिथलं कापड विरतं आणि एक दिवस रिक्षात चढताना ‘टर्र’ होतं. गंमत म्हणजे या पँटचा जन्मच मुळी ‘फाटते हो सारखी’ या तक्रारीतून झालाय.

१८७० च्या सुमारास अमेरिकेत नेवाडातल्या रीनो गावी जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. एका लाकूडतोड्याच्या बायकोने त्याला सांगितलं, नवऱ्याला टिकेल अशी पँट शिवून दे. डेव्हिस घोड्यांच्या झुलींचे पट्टे तांब्याच्या रिव्हेटने पक्के करायचा. तेच रिव्हेट त्याने खिशांच्या कोपऱ्यांना ठोकले. पँट टिकली, मागणी वाढली. पेटंटचा खर्च परवडेना, म्हणून त्याने आपल्या कापडवाल्याला, सॅन फ्रान्सिस्कोच्या लीव्हाय स्ट्रॉसला, पत्र लिहिलं. २० मे १८७३ ला पेटंट मिळालं.

तेव्हा एक रिव्हेट थेट दोन पायांच्या सांध्यावरही असायचं. दुसऱ्या महायुद्धात धातू वाचवायचा म्हणून ते काढलं. हिटलर हरला, पण रिव्हेट काही परत आलं नाही. अर्थात रिव्हेट शिवण उसवू देत नाही, मांड्यांचं घासणं थोडंच थांबवतं!

मजबूत कापडाच्या या कहाणीत मुंबईही आहे. इंग्रजीतला ‘डंगरी’ हा शब्द ‘डुंगरी’ या आपल्याकडच्या जाड्याभरड्या सुती कापडावरून आला. आणि त्या कापडाचं नाव आपल्या डोंगरीवरून पडलं असं मानतात.

पण आपल्याकडे कापड नुसतं टिकत नव्हतं, त्याची बदली होत होती. आजीचं लुगडं विरलं की त्याचं बाळाचं दुपटं व्हायचं, नाहीतर गोधडी. उरलेल्या तुकड्याचं मसोतं आणि सगळ्यात शेवटी पोतेरं. सरकारी नोकरीत नसेल इतकी लांब सेवा! आणि प्रत्येक बदलीनंतर कापड जास्तच मऊ होत जायचं.

माझ्या जीन्सला हा पुढचा जन्मच नाही. १९५८ साली स्पॅन्डेक्स नावाचा ताणणारा धागा शोधला गेला. आता तो सुतात मिसळलेला असतो. त्यामुळे पँट अंगाला छान बसते, पण उष्णतेने आणि धुण्याने तो धागा दमतो. मग कापड सैल पडतं. रफू करायला घ्यावं तर ते सुईखाली ताणतं. गोधडी तर दूरच राहिली.

दुकानात मुद्दाम फाडलेली जीन्स अख्ख्या जीन्सपेक्षा महाग मिळते. आपण भोकाचे पैसे देतो आणि ठिगळाची लाज बाळगतो. लुगड्याची गोधडी करणाऱ्या बायकांना हा हिशोब कुणी समजावून सांगायला गेला असता, तर त्याच्या हाती पोतेरंच आलं असतं.