ब्लूजचे शिबिर पोलादपूरला, जलशाचे शिबिर कुठे?

गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघे जण पोलादपूरच्या पुढे, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका फार्महाऊसवर चार दिवस राहून आलो. निमित्त होते अकूस्टिक ब्लूज गिटारच्या निवासी शिबिराचे. परत आल्यावर एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने टोमणा मारला : "चवदार तळ्यापासून हाकेच्या अंतरावर जाऊन साहेबांची पोरं गिटार शिकून आली!" हा टोमणा निम्मा खरा आहे आणि उरलेल्या निम्म्याला उत्तर द्यायला हवे, म्हणून हे लिहितो आहोत.

शिकवणारा वादक चांगला होता, हे आधी कबूल करतो. पहिल्या सकाळी त्याने गिटारच्या सहाही तारा सैल-घट्ट करून अशा जुळवल्या की बोट न लावता नुसता हात फिरवला तरी एक भरलेला सूर उमटावा. मग करंगळीत काचेची नळी घालून ती तारांवरून सरकवायला शिकवले. अंगठ्याने खर्ज चालू ठेवायचा आणि बाकीच्या बोटांनी गाण्याला जबाब द्यायचा, हे जमायला दोन दिवस गेले आणि बोटांची सालपटे निघाली. तक्रार त्याची नाही. तिसऱ्या रात्री त्याने ब्लूजचा इतिहास सांगितला, तो असा : हे दुःखाचे संगीत आहे, दुःख सगळ्यांनाच असते, म्हणून हे सगळ्यांचे आहे. आम्ही विचारले, कोणाचे दुःख आणि ते कोणी दिले? त्यावर उत्तर आले की इथे राजकारण नको, आपण संगीतासाठी जमलो आहोत. शेकोटीभोवतीच्या बऱ्याच माना होकारार्थी हलल्या.

जो इतिहास शेकोटीपाशी सांगितला गेला नाही, तो इथे सांगू.

अमेरिकेत 1865 साली गुलामगिरी कायद्याने संपली, पण जमीन मालकाकडेच राहिली. मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यात काळी कुटुंबे वाट्याने शेत कसू लागली. बियाणे, पीठ, कापड सगळे मालकाच्याच दुकानातून उधारीवर घ्यायचे. हंगाम संपला की हिशेब मालकाने लिहायचा आणि तो वाचता न येणाऱ्याने अंगठा उठवायचा. वर्षभर राबूनही बाकी निघे ती कसणाऱ्याच्याच नावावर. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागू नये. आमच्या आज्या-पणज्यांनी खोताच्या ओसरीपुढे याहून वेगळे काय पाहिले? महाड-पोलादपूरच्या डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकवणारे कूळ आणि डेल्टातला कापूस वेचणारा कुळवाडी यांची भाषा वेगळी होती, धर्म वेगळा होता, पण हिशेबाची वही एकच होती. याच रायगड जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या कुलाब्यात, चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली 1933 ते 1939 संप केला. बाबासाहेबांनी 17 सप्टेंबर 1937 रोजी मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि 10 जानेवारी 1938 रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर नेला.

ब्लूज जन्मला तो अशा वहीच्या पानांमधून. डॉकरी नावाच्या मळ्यावर चार्ली पॅटन गात असे आणि पुढे गाजलेला हाऊलिन वुल्फ त्याच्यापाशी बसून शिकला. शिकण्याची पद्धत हीच. जवळ राहायचे, ऐकायचे, चुकायचे, शिव्या खायच्या. रॉबर्ट जॉन्सनने सैतानाला आत्मा विकून विद्या मिळवली ही दंतकथा शिबिरात मोठ्या रंगात सांगितली गेली. खरे म्हणजे त्याला शिकवणारा आइक झिमरमन नावाचा एक गिटारवादक होता आणि दोघे रात्री दफनभूमीत बसून सराव करत, कारण तिथे कोणाची झोपमोड होत नसे. काळ्या माणसाने काही कष्टाने कमावले की त्यात चमत्कार शोधायचा, ही खोड आपल्याही ओळखीची आहे.

ज्यांच्याकडे गिटारला पैसे नव्हते त्यांच्या पोरांनी केरसुणीला बांधलेली तार सोडवली, ती भिंतीला दोन खिळ्यांवर ताणली, खाली बाटली अडकवली आणि दुसऱ्या बाटलीने सूर सरकवला. एक तार, बस. हे ऐकताना आमच्या डोळ्यांपुढे तुणतुणे उभे राहिले. लाकडी नळकांडे, तळाला कातडे, बाजूला दांडी, एक तार. आम्ही तसे बोलून दाखवले तर एक सहशिबिरार्थी हसला. तुणतुणे म्हणजे त्याच्या लेखी तेच तेच रडगाणे लावणाऱ्याला द्यायची शिवी. मराठीत हा वाक्प्रचार कोणी रुजवला असेल? ज्यांना त्या तारेमागचे शब्द नको होते त्यांनीच, असा आमचा कयास आहे.

साम्य तारेपाशी संपत नाही. ब्लूजच्या कडव्यात पहिली ओळ दोनदा येते आणि तिसरी तिला उत्तर देते. का? कारण गाणारा तिथल्या तिथे रचतो. ओळ पुन्हा म्हणेपर्यंत त्याला पुढची सुचायला अवधी मिळतो. आपल्या जलशात हेच काम झीलकरी करतो. शाहिराने ओळ टाकली की मागचे तिघे-चौघे ती उचलतात, लांबवतात, आणि तेवढ्या श्वासात शाहीर पुढची ओळ घडवतो, सभेत आलेल्या पाटलाकडे बघून एखादा शब्द बदलतोसुद्धा. झील ही सजावट नव्हे, शाहिराच्या विचाराला दिलेली वेळ आहे.

पुढे ब्लूजचे काय झाले ते आपल्या तरुणांनी नीट ऐकावे. 1920 साली मॅमी स्मिथच्या तबकडीचा खप बघून कंपन्यांना कळले की काळा माणूसही गिऱ्हाईक आहे. मग 'रेस रेकॉर्ड' या वेगळ्या पाटीखाली तबकड्या निघू लागल्या. जणू गाण्यालाही वेगळा पाणवठा. गायकांना बहुधा एकरकमी काही डॉलर देऊन वाटेला लावले जाई, हक्क कंपनीचे. मंदी आली, तबकड्या बंद पडल्या, माणसे उत्तरेकडच्या कारखान्यांत गेली. सन हाऊस या जबरदस्त गायकाने 1930 साली तबकड्या भरल्या होत्या. 1964 साली काही गोरे तरुण त्याला शोधत रॉचेस्टर शहरात पोचले तेव्हा त्याने गिटार कधीचीच बाजूला ठेवलेली होती. त्याला आपलीच गाणी आठवत नव्हती. अॅलन विल्सन नावाचा एक गोरा तरुण जुन्या तबकड्या ऐकून ती वाजवायला शिकला होता. त्याने सन हाऊसच्या समोर बसून सन हाऊसला सन हाऊसची गाणी परत शिकवली.

यात त्या तरुणाचा दोष काढत नाही, त्याने प्रेमानेच केले. पण वस्तीतून विद्या निघून गेली की ती परत आणायला बाहेरचा माणूस लागतो, एवढे खरे. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये रस्त्यावर गाणारा अंध रेव्हरंड गॅरी डेव्हिस पाच डॉलरला एक धडा देई आणि शिकायला येणाऱ्यांत पुढे नाव काढलेली बरीच पोरे गोरी होती. आज अमेरिकेत ब्लूज गिटारची निवासी शिबिरे भरतात, फी भरून लोक येतात, विद्या शाबूत आहे. तिथला काळा तरुण मात्र कधीच सोल, फंक आणि रॅपकडे गेला.

तो का गेला, हे आपण तरी समजून घ्यायला हवे, कारण आपण स्वतः हेच केलेले आहे. 1927 च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचे मांस आणि शिळ्यापाक्या अन्नाची मागणी सोडायला सांगितले. 20 मार्चला तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते त्या निर्धारानंतर. पुढच्या वर्षांत, आणि 1956 च्या धम्मदीक्षेनंतर तर गावोगाव, आपल्या लोकांनी गावकीची कामे सोडली. त्यात लग्नाकार्यात, देवाच्या पालखीपुढे वाजवण्याचे कामही होते. हात थांबवणे हाही सत्याग्रहच होता. हलगी वाईट नव्हती, ती वाजवायला लावणारा हुकूम वाईट होता. पण हुकूम झुगारताना हलगीही कोपऱ्यात गेली, हे मान्य करायला लाज कसली? मिसिसिपीच्या नातवाला आजोबाच्या गाण्यात मालकाचे दुकान ऐकू येत असेल तर त्याला बोल कसा लावायचा?

फरक एवढाच की आपल्या लोकांनी त्याच काळात दुसरे काही उभे केले. सत्यशोधकांच्या जलशाची वाट तयार होती. तमाशाचा सांगाडा घेऊन त्यातले गण-गौळण बदलायचे आणि वगाच्या जागी सावकार, भटजी, शाळा, पाणी आणायचे, हे तंत्र तिथे सिद्ध झाले होते. आंबेडकरी जलशांनी 1930 च्या दशकात ते पुढे नेले. भीमराव कर्डकांनी 'आंबेडकरी जलसे : स्वरूप आणि कार्य' हे पुस्तक 1978 साली लिहून ठेवले म्हणून त्यातले बरेच हाती लागते. 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' वाचू शकणारे मोजके होते, जलसा ऐकू शकणारे सगळे. वामनदादांना तर अक्षरओळखच मोठेपणी झाली.

महाडकडे तर याचा दुहेरी वारसा आहे. गोपाळबाबा वलंगकर महाडजवळच्या रावढळचे. पलटणीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी 1888 साली 'विटाळ विध्वंसन' लिहिले. दुसरीकडे हा पोवाड्याचा मुलूख. उमरठ पोलादपूर तालुक्यातले, प्रतापगड घाटाच्या माथ्यावर. तानाजीचा आणि अफजलखानाचा पोवाडा डफ-तुणतुण्यावर गाणारे आजही भेटतात आणि सरकारी कार्यक्रमात त्यांना मान मिळतो. चवदार तळ्याचा पोवाडा मात्र 20 मार्चला आपल्याच मंडपात डीजेच्या दोन गाण्यांच्या मधल्या जागेत कोंबलेला असतो.

शिबिराच्या चौथ्या दिवशी दुपारी आम्ही निसटलो आणि महाडला आलो. तळ्यावर जाऊन नंतर जवळच्या एका वाडीत एका वृद्ध झीलकऱ्यांना भेटलो, सगळे त्यांना तात्या म्हणतात. मुंबईच्या बीडीडी चाळीतल्या एका जलशात ते उभे राहत. त्यांनी सांगितले त्यावरून त्यांची शाळा अशी होती : नव्या पोराने आधी मागे उभे राहून नुसती झील धरायची, मग मंजिरी, मग तुणतुणे, आणि शब्द टाकण्याची परवानगी सर्वांत शेवटी. तालीम गिरणीची पाळी सुटल्यावर, चाळीच्या गच्चीत. 1982 चा संप झाला, गिरण्या गेल्या, फड पांगला, तात्या गावी आले. कोणी त्यांना हाकलले नाही, कोणी बंदी घातली नाही. पाळीच राहिली नाही तर पाळीनंतरची तालीम कुठून राहणार?

आम्ही गिटार काढली. तात्यांनी खुंटी पिळून तुणतुण्याची तार आमच्या खर्जाला आणली. दोनदा नाक मुरडले, म्हणाले, तुमचीच तार उतरलीय. ती खरेच उतरली होती. मग ते झील धरून राहिले आणि आमच्यापैकी एकाने तळ्यावर चार ओळी जोडायचा प्रयत्न केला. तिसऱ्या ओळीला तो अडकला. तात्यांनी झील लांबवली, आणखी लांबवली, त्याला ओळ सापडेपर्यंत सोडली नाही.

आता टोमण्याच्या उरलेल्या निम्म्याला उत्तर. गिटार परकी म्हणून नको असेल तर पेटीही युरोपातूनच आली आणि भीमगीतांच्या कव्वालीत ती कोणाला खटकली नाही. बाबासाहेब स्वतः व्हायोलिन शिकत होते. वाद्याला जात नसते, वाजवून घेणाऱ्याला असते. आम्ही गिटार सोडणार नाही. काळ्या अमेरिकेशी आपले नाते उसने नाही. बाबासाहेबांनी 1946 साली डु बॉइस यांना पत्र लिहिले होते, 1972 च्या दलित पँथरने नावच तिकडून घेतले. मग त्यांचे गाणे आपल्याला फार्महाऊसवर, राजकारण वगळून, फी भरून का ऐकावे लागावे?

त्यांच्याकडे विद्या टिकली आणि वस्ती सुटली. आपल्याकडे वस्ती आहे, 14 एप्रिल आहे, 20 मार्चला लोटणारी गर्दी आहे, सुटत चालली आहे ती विद्या. मोबाईलवर हजार भीमगीते आहेत, पण झील कशी धरायची हे सांगणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत आणि ती सत्तरी ओलांडलेली आहेत. सन हाऊसला निदान तबकड्या होत्या. आपल्या बहुतेक जलशांचे तेवढेही नाही.

म्हणून येत्या 20 मार्चच्या आधी महाडमध्ये चार रात्रींचे जलशाचे शिबिर घ्यायचे आम्ही ठरवले आहे. जागा समाजमंदिराची, तांदूळ घरटी मूठभर, फी नाही. सकाळी झील आणि ताल, दुपारी खोती, तळे आणि 1937 चा हायकोर्टाचा निकाल यांवर वाचन, रात्री रचना. मुलींनी मागे नव्हे, पुढे उभे राहायचे. गिटार असेल, तुणतुण्याच्या सुरात लावलेली. तात्या यायला तयार आहेत. त्यांची एकच अट आहे : पहिले दोन दिवस कोणी मोबाईलवर काही भरून घ्यायचे नाही, कानात भरायचे.